बालकांची सुरक्षितता आणि क्ष-किरणतज्ज्ञांची जबाबदारी

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील वैद्यकीय अधिकारी आणि क्ष-किरणतज्ज्ञ यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)

बालके ही राष्ट्राची अत्यंत मोलाची संपत्ती होय, अशी ग्वाही भारत सरकारने १९७४ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय बालधोरणात दिली. त्या धोरणानंतरच्या काळात लसीकरण, पोषण आहार, अंगणवाडी, प्राथमिक शिक्षण अशा अनेक मार्गांनी ही संपत्ती जपण्याचे प्रयत्न झाले आणि त्यांना यशही आले. परंतु बालकाला जेथे सर्वांत अधिक सुरक्षित वाटावे, त्या घराच्या चार भिंतींआड ते खरोखर सुरक्षित आहे काय, हा प्रश्न विचारताना समाज आजही संकोचतो. तो प्रश्न विचारण्याची पाळी रुग्णालयात ज्यांच्यावर प्रथम येते, त्यांत क्ष-किरणतज्ज्ञाचे स्थान महत्त्वाचे आहे.

केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालकांवरील अत्याचारांविषयी एक विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ बालकांशी बोलून तो तयार झाला होता. दर तीन बालकांपैकी दोघांना मारहाण किंवा अन्य शारीरिक छळ सोसावा लागला, असा त्याचा निष्कर्ष होता आणि कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुलांना तो आईवडिलांकडूनच मिळत होता. मात्र या अभ्यासात प्रश्न विचारले गेले ते ५ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना. पाळण्यातल्या अर्भकाला प्रश्न विचारता येत नाही. त्याला आपले दुःख सांगता येत नाही, कोणाचे नाव घेता येत नाही, पळून जाता येत नाही. त्याच्या वतीने बोलणारी एकच गोष्ट पुष्कळदा शिल्लक असते. ती म्हणजे त्याचे शरीर, आणि विशेषतः त्याची हाडे.

हाडांची भाषा

हाडांची ही भाषा वैद्यकशास्त्राला फार उशिरा वाचता आली. फ्रान्समधील न्यायवैद्यकतज्ज्ञ आंब्रुआझ तार्दिय यांनी १८६० मध्ये मुलांच्या छळाचे पद्धतशीर वर्णन केले. पण त्यांच्या हाती क्ष-किरण नव्हते. राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लावला. त्यानंतरही अर्धे शतक लोटल्यावर, १९४६ मध्ये, जॉन कॅफी या अमेरिकन बालक्ष-किरणतज्ज्ञांनी सहा अर्भकांची हकिगत प्रसिद्ध केली. या सहा अर्भकांच्या मेंदूच्या आवरणाखाली जुना रक्तस्राव होता आणि त्यांच्या हातापायांच्या लांब हाडांत मिळून २३ अस्थिभंग आढळले होते. त्यांचे कारण सांगणारा कोणताही आजार किंवा अपघात पालकांनी सांगितला नव्हता. पुढे १९६२ मध्ये हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेला 'बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम' असे नाव दिले. त्या सहकाऱ्यांत फ्रेडरिक सिल्व्हरमन हे क्ष-किरणतज्ज्ञ होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या विषयाचा पायाच मुळी क्ष-किरण विभागात घातला गेला.

त्यानंतरच्या संशोधनाने काही खुणा निश्चित केल्या. अर्भकाच्या बरगड्यांचे, विशेषतः पाठीच्या कण्याजवळचे, अस्थिभंग साध्या पडण्याने सहसा होत नाहीत. छाती दोन्ही हातांत धरून जोराने दाबली गेल्यास ते होतात. लांब हाडांच्या वाढीच्या टोकाशी निघालेले बारीक तुकडे हे हातपाय पिरगळल्याचे किंवा हिसडल्याचे लक्षण असू शकते. छातीचे मधले हाड, खांद्याचे पाते, मणक्यांची मागील टोके यांचे भंगही तितकेच गंभीर मानले जातात. निरनिराळ्या काळी झालेले अस्थिभंग एकाच वेळी दिसणे आणि न चालणाऱ्या बालकाच्या मांडीचे हाड समाधानकारक कारणाशिवाय मोडलेले असणे, याही विचार करावयास लावणाऱ्या गोष्टी होत. याउलट, नुकत्याच चालू लागलेल्या मुलाच्या नडगीतील तिरपी बारीक भेग किंवा गळ्याच्या हाडाचा एकटा भंग हा बहुधा अपघातच असतो.

दोन चुका आणि त्यांची किंमत

या कामात दोन प्रकारच्या चुका संभवतात आणि दोन्हींची किंमत बालकालाच मोजावी लागते.

पहिली चूक म्हणजे खूण दिसूनही ती न ओळखणे. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, छळामुळे डोक्याला इजा झालेल्या १७३ बालकांची पूर्वीची कागदपत्रे तपासण्यात आली. त्यांपैकी ५४ बालकांना इजा झाल्यानंतर डॉक्टरांनी पाहिले होते, पण खरे कारण ओळखले गेले नव्हते. अशी बालके ज्या घरातून आली त्याच घरी परत जातात आणि पुढच्या वेळी अधिक गंभीर अवस्थेत येतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत जानेवारी २०१२ मध्ये दाखल झालेल्या दोन वर्षांच्या एका बालिकेच्या डोक्याला गंभीर दुखापत होती, हात मोडलेले होते आणि अंगावर चाव्याच्या खुणा होत्या. सारा देश त्या वेळी हळहळला. ती बालिका मार्च महिन्यात मरण पावली.

दुसरी चूक म्हणजे निरपराध पालकांवर संशयाचा शिक्का मारणे. मुडदूस, स्कर्व्ही, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मजात उपदंश, ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा हा हाडे ठिसूळ करणारा जन्मजात विकार, तसेच बाळंतपणात झालेली इजा यांची चित्रे वरवर पाहता छळासारखी दिसू शकतात. आपल्याकडील अनेक बालकांच्या कंबरेवर आणि पाठीवर जन्मतः निळसर डाग असतात. नवख्या डोळ्यांना ते मुका मार लागल्याचे व्रण वाटतात.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ही दुसरी बाजू अधिकच जपून पाहावी लागते. दोन्ही जिल्हे ऊसपट्ट्यातले. दिवाळीच्या सुमारास दुष्काळी भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येथे येतात. आई पहाटे फडात जाते, तान्हे मूल बांधावरच्या झोळीत किंवा थोरल्या भावंडाच्या कडेवर राहते. बैलगाडी, ट्रॅक्टर, उघडी चूल, खोल पाट यांच्या सान्निध्यात वाढणाऱ्या या मुलांना खरेखुरे अपघात होतात. गरिबीमुळे घडलेली हयगय आणि हेतुपुरस्सर केलेला छळ यांत भेद न करता मजूर आईवर आळ घेणे हा अन्यायच होय. त्याचबरोबर, माणसे गरीब आहेत, अपघात व्हायचेच, असे म्हणून प्रत्येक मोडके हाड नजरेआड करणे हाही त्या मुलावर अन्यायच होय. सुस्थितीतील, सुशिक्षित कुटुंबातही बालकांचा छळ होतो. तेथे तर संशय घेण्याचाच डॉक्टरांना संकोच वाटतो. म्हणूनच तपासणी कुटुंबाकडे पाहून ठरू नये. ती खुणेकडे पाहून ठरावी.

एका संभाव्य रुग्णाचा प्रवास

या कामातील अडचणी स्पष्ट व्हाव्यात म्हणून एक कल्पित उदाहरण घेता येईल. समजा, जत तालुक्यातील एका वाडीवरून पाच महिन्यांचे मूल मांडी सुजली म्हणून ग्रामीण रुग्णालयात आणले आहे. चिठ्ठीवर 'खाटेवरून पडले' एवढीच नोंद आहे. तेथून ते संध्याकाळी मिरजेस पाठविले जाते. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरपुढे एका मांडीचे एक चित्र येते. अस्थिभंग दिसतो. अहवालात तो लिहिला जातो, 'रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे' हे नेहमीचे वाक्य जोडले जाते, प्लास्टर होते आणि मूल घरी जाते.

येथे कोणीही कर्तव्यात कसूर केलेली नाही आणि तरीही बालकाच्या बाजूने एकही प्रश्न विचारला गेलेला नाही. पाच महिन्यांचे मूल स्वतः सरकून खाटेवरून पडू शकते काय? खाट किती उंच होती? पडताना कोणी पाहिले? दवाखान्यात आणण्यास किती वेळ लागला? मुलाच्या छातीचे चित्र काढले काय? क्ष-किरणतज्ज्ञाने हे प्रश्न उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दूरध्वनीवरून विचारले असते, तर कदाचित साध्या अपघाताची खात्री पटून सर्वांनाच समाधान लाभले असते, अथवा कदाचित एक जीव वाचला असता. केवळ लेखी अहवालावर विसंबून राहिल्यास तो वाचला जाईपर्यंत मूल रुग्णालयातून गेलेले असते, हे विसरता कामा नये.

प्रशिक्षणात काय असावे

बालछळाचा विषय वैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्यांना न्यायवैद्यकशास्त्रात एक पाठ म्हणून भेटतो. मात्र एका पाठाने नजर तयार होत नाही. क्ष-किरणतज्ज्ञांच्या प्रशिक्षणात चार गोष्टींचा समावेश अगत्याचा आहे.

पहिली गोष्ट तपासणीच्या पद्धतीची. दोन वर्षांखालील बालकाबाबत संशय उत्पन्न झाल्यास संपूर्ण सांगाड्याची पद्धतशीर तपासणी करावी लागते. तीत डोके, छाती, पाठीचा कणा, ओटीपोट आणि प्रत्येक हातपाय यांची स्वतंत्र, अशी वीसहून अधिक चित्रे घ्यावी लागतात. छातीची तिरपी चित्रे वगळू नयेत. सबंध बाळ एकाच चित्रात बसविण्याची पद्धत या कामी निरुपयोगी ठरते, कारण तीत बारीक खुणा नाहीशा होतात. हे कौशल्य मुख्यतः क्ष-किरण तंत्रज्ञाचे आहे. म्हणून त्यालाही प्रशिक्षणात बरोबरीने स्थान हवे. ब्रिटनमधील क्ष-किरणतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१७ मध्ये तेथील क्ष-किरण तंत्रज्ञांच्या संस्थेसमवेत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, ती याच कारणासाठी दोघांनाही लागू आहेत. एक वर्षाखालील बालकाच्या डोक्याचा सीटी स्कॅन करावा, असेही ती सांगतात.

दुसरी गोष्ट पुनर्तपासणीची. बरगडीचा ताजा भंग पहिल्या चित्रात पुष्कळदा दिसत नाही. तो सांधू लागला आणि नवे हाड धरू लागले की दिसतो. यासाठी ११ ते १४ दिवसांनी, आणि कोणत्याही परिस्थितीत २८ दिवसांच्या आत, पुन्हा चित्रे घ्यावीत असा दंडक आहे. फडावरून फडावर हलणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत हे दोन आठवडे फार कठीण असतात. येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशा कार्यकर्ती यांचे साहाय्य घेता येईल. मात्र आशा कार्यकर्तीला केवळ तपासणीची तारीख कळवावी, संशय कळवू नये.

तिसरी गोष्ट अहवालाच्या भाषेची. क्ष-किरण चित्र हाड मोडल्याचे सांगते. ते कोणी मोडले हे सांगत नाही. म्हणून 'हा छळच आहे' असे लिहिणे चूक आणि काहीच न सुचविणे हेही चूक. 'हा अस्थिभंग सांगितलेल्या घटनेशी जुळत नाही', 'हे दोन भंग एकाच वेळचे दिसत नाहीत', 'पुढील विकारांची शक्यता तपासून पाहावी', अशी नेमकी वाक्ये अहवालात यावीत. अस्थिभंगाचे वय सांगताना दिवस मोजून सांगण्याचा मोह टाळावा. सांधण्याच्या अवस्थेवरून अंदाजे कालावधी सांगता येतो, तारीख नव्हे.

मर्यादा मोकळेपणाने सांगण्याची सवय या तज्ज्ञांना नवी नाही. हाडांच्या वाढीवरून वय ठरविण्यासाठी न्यायालये आणि पोलीस त्यांच्याकडे मुलामुलींना पाठवीतच असतात. या पद्धतीत दोन्ही बाजूंस दोन वर्षांचा फरक पडू शकतो, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने जयमाला प्रकरणात १९८२ मध्येच घेतली. शाळेचा किंवा जन्माचा दाखला उपलब्ध नसेल तेव्हाच अशा चाचणीचा आधार घ्यावा, असे बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मध्ये सांगितले आहे. तोच संयम येथेही पाळावयाचा आहे.

चौथी गोष्ट कायद्याची ओळख. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ अन्वये, असा अपराध घडला आहे किंवा घडण्याचा संभव आहे अशी भीती वाटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीवर ते पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे संरक्षण त्याच कलमाने दिले आहे. बालकाला मारहाण करणे वा त्याची हेळसांड करणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. ज्या व्यक्तीने बालकाला इजा केली तिच्याच सोबत राहणारे मूल हे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' मानले जाते. अशा बालकाला बालकल्याण समितीपुढे सादर करण्याचा अधिकार कलम ३१ मध्ये ज्यांना दिला आहे, त्यांत परिचारिका, डॉक्टर आणि रुग्णालयाचे व्यवस्थापन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. बालकाची ओळख उघड करणे हा या दोन्ही कायद्यांनुसार गुन्हा असल्याने, नावासह चित्रे भ्रमणध्वनीवरील गटांत पाठविण्याची सवय तातडीने सोडावयास हवी.

कायदा : पहारेकरी आणि सोबती

या दोन्ही जिल्ह्यांतील क्ष-किरणतज्ज्ञांना बालकांविषयीच्या कायद्याची ओळख एका वेगळ्या वाटेने झाली. २००१ च्या जनगणनेत ६ वर्षांखालील वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या सांगली जिल्ह्यात ८५१, तर सातारा जिल्ह्यात ८७८ एवढी खाली आलेली आढळली. त्यानंतर गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याची अंमलबजावणी कडक झाली आणि सोनोग्राफी केंद्रांच्या नोंदी तपासल्या जाऊ लागल्या. त्या काळापासून कायदा म्हणजे आपल्यावरील पहारा, अशी भावना या व्यवसायात रुजली असल्यास नवल नाही.

परंतु याच भूमीत नोंदींनी दुसरेही एक काम केले आहे. सातारा जिल्ह्यात 'नकुसा' किंवा 'नकोशी' अशी नावे ठेवलेल्या मुलींची यादी आरोग्य यंत्रणेने तयार केली आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. वर्षानुवर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेली गोष्ट, कोणी तरी बसून मोजल्यावर दिसली. बालछळाच्या बाबतीतही नेमके हेच मोजणे व्हावयाचे आहे. येथे कायदा क्ष-किरणतज्ज्ञाकडे आरोपी म्हणून पाहत नाही. तो त्याच्याकडे बालकाचा साक्षीदार म्हणून पाहतो.

पाठबळाची गरज

साक्षीदार एकटा पडला की तो गप्प बसतो. लहान गावातील डॉक्टरला पालक ओळखीचे असतात, गावातील पुढारी ओळखीचे असतात. पोलीस ठाणे, न्यायालयाच्या तारखा, उलटतपासणी यांची धास्ती असते. शिवाय छळ झालेल्या अर्भकाची चित्रे पाहणे हा मनावर ओरखडा उमटविणारा अनुभव असतो. म्हणून प्रशिक्षणाच्या जोडीला पाठबळ हवे.

त्यासाठी नव्या इमारती उभारण्याची आवश्यकता नाही. सातारा जिल्ह्याचे ११ आणि सांगली जिल्ह्याचे १० तालुके मिळून या भागात वैद्यकीय शिक्षणाची मोठी परंपरा आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले. १९६२ मध्ये तेथे वैद्यकीय महाविद्यालय आले. कराड आणि सांगली येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि साताऱ्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. या संस्थांतील क्ष-किरणतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ आणि न्यायवैद्यकतज्ज्ञ यांचा एक संयुक्त सल्लागार गट स्थापन करता येईल. संशयित चित्रे दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे वाचावीत, हा नियम जगभर मान्यता पावत आहे. तालुक्याच्या ठिकाणचा डॉक्टर सुरक्षित संगणक यंत्रणेद्वारे चित्रे पाठवून त्याच दिवशी दुसरे मत मिळवू शकेल, तर निर्णयाचा भार एकट्याच्या खांद्यावर राहणार नाही. महिन्यातून एकदा नावे वगळून अशा प्रकरणांची चर्चा व्हावी. त्या चर्चेत जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे अधिकारी, बालकल्याण समितीचे सदस्य आणि विशेष बाल पोलीस पथक यांनाही बोलवावे, म्हणजे दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस परका राहणार नाही.

साक्षीच्या कामीही डॉक्टरांना दिलासा देणाऱ्या तरतुदी झाल्या आहेत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, बदली झालेल्या किंवा निवृत्त झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या अहवालाबाबत त्याच्या पदावरील उत्तराधिकारी साक्ष देऊ शकतो आणि अशी साक्ष दृक्‌श्राव्य साधनांद्वारेही घेता येते. प्रशिक्षणात जिल्हा सरकारी वकिलांच्या मदतीने उलटतपासणीचा सराव घडविल्यास न्यायालयाची भीती बरीच कमी होईल.

संशय कळविणे म्हणजे कुटुंब मोडणे, असा एक समज आहे. बालकल्याण समितीचे काम शिक्षा देण्याचे नाही. घरची परिस्थिती तपासणे, आईला आधार मिळवून देणे, व्यसनी पित्याला समुपदेशनाकडे वळविणे, आणि अगदीच निरुपाय झाला तर बालकाला काही काळ सुरक्षित ठिकाणी ठेवणे, हे तिचे काम आहे. पुष्कळदा मुलाला मारणाऱ्या घरात आईही मार खात असते. त्या मुलाच्या हाडांकडे लक्ष गेले तर आईचीही सुटका होते. नागरिकांनाही १०९८ या बालमदत क्रमांकावर चोवीस तास माहिती देता येते.

अंधाऱ्या खोलीत चित्र पाहणाऱ्या डॉक्टरची आणि त्या बालकाची गाठ बहुधा पडतही नाही. तरीही त्या बालकाचे पुढचे आयुष्य त्या काही मिनिटांच्या वाचनावर अवलंबून असू शकते. ती मिनिटे जाणकार नजरेची, निःपक्षपाती बुद्धीची आणि सहकाऱ्यांच्या पाठबळाची असावीत, यासाठी शासन, वैद्यकीय महाविद्यालये आणि खाजगी व्यावसायिक यांनी एकत्र यावयास हवे. सातारा आणि सांगली या शेजारी जिल्ह्यांनी हे काम संयुक्तपणे हाती घेतल्यास, ज्याला अजून बोलता येत नाही अशा बालकाचेही म्हणणे येथे ऐकून घेतले जाते, असा विश्वास समाजात निर्माण होईल.